थंडीत लवकर चालू न होणारी डिझेल गाडी : आधी निदान, मग पार्ट



गॅरेजसाठी जागा कशी निवडायची, या व्हिडिओत आपण येडशीचं उदाहरण घेतलं होतं. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत बीड आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि बार्शी-लातूर रस्ता इथे भेटतात. भाजीचे पिकअप, दुधाच्या गाड्या, लातूरच्या बाजाराला सोयाबीन नेणारे टेम्पो, रामलिंगला दर्शनाला आलेल्या जीपा असं सगळं इथून जातं. म्हणजे गिऱ्हाईक रस्त्यावरच आहे. पण गिऱ्हाईक दारात येणं वेगळं आणि टिकणं वेगळं. आजचा धडा टिकण्याचा आहे.

येडशीतल्याच एका मुलाचा मला डिसेंबरात फोन आला. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा ट्रेड केलेला, दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं, आता फाट्याजवळ पत्र्याचं छोटं गॅरेज टाकलेलं.

"सर, एक पिकअप आलाय. सकाळी लवकर घेईनाच. दहा-दहा मिनिटं सेल्फ मारावा लागतो. एकदा चालू झाला की दिवसभर काय तक्रार नाय. आधीच्यांनी बॅटरी बदलली, सेल्फ भरून दिला, तरी तेच. आता कुणीतरी इंजिन कामच काढावं लागेल म्हणून सांगितलंय. काका लई वैतागलेत. नोझल उतरवू का?"

मी त्याला एकच विचारलं, "पहाटे गाडी चालू होताना तू स्वतः पाहिलीस का?"

तिकडून काही उत्तर आलं नाही. कारण त्यानं पाहिली नव्हती. आणि त्याच्या आधी ज्यांनी ज्यांनी त्या गाडीला हात लावला, त्यांनीही पाहिली नव्हती. काका पहाटे चारला भाजी भरून बार्शीला जायचे, माल उतरवून यायचे आणि अकरा वाजता गाडी गॅरेजला लावायचे. तोवर इंजिन तापलेलं. किल्ली फिरवली की गाडी लगेच चालू. मग मिस्त्री काय करणार? अंदाज. आणि अंदाजाचे पैसे काकांच्या खिशातून.

इकडे काकांचं खरं नुकसान बॅटरीच्या बिलापेक्षा मोठं होतं. लिलाव सुरू झाल्यावर पोहोचलेल्या मेथी-कोथिंबिरीला लवकर आलेल्या मालाचा भाव मिळत नाही. ज्या शेतकऱ्यांचा माल ते नेतात, त्यातले दोघं दुसऱ्या गाडीकडे गेले होते. गाडीचे हप्ते चालू. म्हणून आधी नियम लिहून घ्या : जो दोष थंडीत दिसतो, तो थंड गाडीवरच तपासायचा. निदान रात्रभर, सात-आठ तास उभी असलेली गाडी पाहिजे. एक तर गाडी रात्री गॅरेजला मुक्कामाला ठेवा, नाही तर पहाटे तुम्ही तिच्याकडे जा.

थंडीत डिझेल इंजिन का अडतं?

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. तिथे हवा इतकी जोरात दाबली जाते की दाबानेच ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, तेच हे, फक्त कितीतरी पट जास्त.

आता डिसेंबरची पहाट धरा. बालाघाटाच्या डोंगरात पारा दहा-बारा अंशांवर. इंजिनचं लोखंड गार, ते हवेची ऊब ओढून घेतं. ऑईल घट्ट, त्यामुळे इंजिन फिरायला जड. बॅटरीची ताकदही थंडीत कमी. इंजिन हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटायला आणि गार व्हायला जास्त वेळ मिळतो.

म्हणजे थंडीत गाडी चालू व्हायला चार गोष्टी लागतात : फिरण्याचा वेग, ऊब, वेळेवर डिझेल आणि दाब. या चारपैकी काय कमी पडतंय एवढंच शोधायचं. जे फुकट तपासता येतं ते आधी, जे खोलून तपासावं लागतं ते शेवटी.

पायरी १ : मालकाला पाच प्रश्न

पाना उचलण्याआधी वही उघडा.

१. हे कधीपासून होतंय? एकदम सुरू झालं की हळूहळू वाढलं?
२. फक्त सकाळीच होतं, की दुपारी दोन-तीन तास उभी राहिल्यावरही?
३. उतारावर उभी केली तर काही फरक पडतो का?
४. त्याआधी काय काम झालं होतं? फिल्टर, ऑईल, पाइप?
५. ऑईल किंवा रेडिएटरचं पाणी कमी होतं का?

"डिझेल फिल्टर बदलला आणि तेव्हापासून सुरू झालं" असं उत्तर आलं, तर अर्धं निदान तिथेच झालं. कुठेतरी हवा धरतेय. "उताराला तोंड वर, तोंड खाली यानं फरक पडतो" म्हणाले, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरतंय असा संशय घ्या.

पायरी २ : कान

कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही नुसतं ऐका. घर्र… घर्र… असं दमून फिरतंय, की झपाझप फिरतंय पण पेटत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

हळू फिरत असेल तर मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. मोठ्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात, तिथे आकडे दुप्पट धरा.

बॅटरी चांगली आणि तरी इंजिन जड फिरतंय? मग तारा बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगच्या वायरीत नाही तर तिच्या जोडात अडथळा आहे. टर्मिनलवरची पांढरी पावडर साफ करून आणि बोल्ट आवळून बऱ्याच गाड्या बऱ्या होतात. सोबत ऑईलही विचारा. कंपनीनं सांगितलेल्यापेक्षा घट्ट ग्रेडचं ऑईल भरलं असेल, तर थंडीत इंजिन जड जाणारच.

पायरी ३ : धूर

इंजिन झपाझप फिरतंय पण पेटत नाही, तर गाडीच्या मागे जा. सायलेन्सरकडे बघा. मोबाईलमध्ये व्हिडिओ काढा, नंतर मालकाला दाखवायला कामाला येतो.

- काहीच धूर नाही : डिझेल पोचतच नाही. फिल्टर, हवा, पंप, बंद करण्याचा सोलेनॉइड या दिशेला जा.
- पांढरा किंवा करडा, डोळ्यांना झोंबणारा धूर : डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. ऊब किंवा दाब कमी. नोझल किंवा टायमिंगही असू शकतं.
- चालू झाल्यावर काही सेकंद थरथर आणि पांढरा धूर, मग सगळं साफ : बहुतेक वेळा एखादा हिटर प्लग गेलेला.
- काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आधी बघा.
- निळा धूर : ऑईल जळतंय.

पायरी ४ : हातपंप

डिझेल फिल्टरजवळ हातानं दाबायचा प्रायमिंग पंप असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारायच्या आधी तो कडक होईपर्यंत दाबा. मग किल्ली फिरवा. गाडी पटकन चालू झाली, तर दोष डिझेलच्या वाटेत आहे. पाइपला बारीक चीर, सैल क्लिप, फिल्टरचं वायसर किंवा डिझेल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. कमी दाबाच्या बाजूला थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पंप दाबूनही काहीच फरक नाही, तर पुढे चला.

पायरी ५ : हिटर प्लग

आधी खात्री करा, की या इंजिनाला हिटर प्लग आहेत का. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसच्या ७०२ सीसी, दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनासारखी छोटी इंजिनं डिझेल आधी बाजूच्या खोलीत पेटवतात, त्यांना थंडीत प्लगची ऊब लागते. उलट थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या बऱ्याच जुन्या इंजिनांना प्लगच नसतात. नसलेला हिटर शोधण्यात सकाळ घालवू नका.

असतील तर गाडी थंड असतानाच टेस्ट लॅम्पची एक वायर लोखंडाला आणि टोक प्लगच्या टर्मिनलला लावा. दुसऱ्याला किल्ली ऑन करायला सांगा. दिवा लागला तर करंट येतोय. नाही लागला तर प्लगला दोष देऊ नका, मागे फ्यूज, रिले आणि वायर तपासा. दिवा लागतोय, तर वरची जोडपट्टी काढून प्रत्येक प्लग वेगवेगळा मीटरनं मोजा. चांगल्या प्लगचा रोध फार थोडा असतो, साधारण एक-दोन ओहमच्या आत. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली.

इथे दोन सावधगिऱ्या. काही नवीन गाड्यांचे प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालतात, त्यांना बॅटरीची वायर थेट लावून लाल होतात का बघू नका, जळतील. आणि जुना प्लग जोर लावून काढू नका. इंजिन कोमट करा, गंज सोडवणारं तेल मारा, थोडं थांबा. प्लग आत तुटला तर हेड उतरवावं लागतं आणि शेकड्यांतलं काम हजारांवर जातं.

पायरी ६ : कॉमन रेल गाडी असेल तर

स्कॅनर लावा. पहाटे किल्ली ऑन करून कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा १२ अंश आणि कूलंट ६० दाखवतंय, तर सेन्सर खोटं बोलतोय. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरम आहे, मग तो प्लग पेटवतच नाही. रेलचा दाब वाढायला वेळ लागत असेल, तर इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल मोजा. एखादा इंजेक्टर बाकीच्यांपेक्षा फार जास्त परत सोडत असेल तर तो संशयित.

पायरी ७ : दाब

कॉम्प्रेशन शेवटी, कारण त्याला वेळ आणि वेगळं गेज लागतं. ऑईल भरायच्या तोंडातून जोरात धूर येतो, ऑईल खातेय, ओढ कमी झालीय, ही लक्षणं सोबत असतील तरच इंजिन कामाचा शब्द काढा. आणि तोही गेजचा आकडा हातात आल्यावर.

"डिझेल गोठलं" हे कारण किती खरं?

गिऱ्हाईक हे हमखास म्हणतं. थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं हे खरं आहे, पण ते येडशीच्या थंडीत नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल साधारण ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जायला हवं. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्यासाठी इंडियन ऑईलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं. आपल्याकडे दहा-बारा अंशांवर गाडी अडली तर डिझेलवर ढकलून मोकळं होऊ नका. फिल्टरमध्ये पाणी साठलंय का, ते मात्र जरूर बघा.

हे करू नका

- चालू होत नाही म्हणून एअर पाइपमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणे. लाल झालेल्या हिटर प्लगवर तो भलत्या वेळी पेटतो, पिस्टन-रिंग मोडू शकतात.
- टाकीखाली किंवा चेंबरखाली पेटता बोळा धरणे. काही ड्रायव्हर अजून करतात. गाडीला आग लागते.
- सलग मिनिटभर सेल्फ मारणे. दहा-पंधरा सेकंद मारा, मग मिनिटभर थांबा.
- कॉमन रेल गाडीचा जास्त दाबाचा पाइप चालू इंजिनवर ढिला करणे. शेकडो बारच्या दाबाची धार कातडीत शिरते. हात गमवायची वेळ येते.

मग त्या पिकअपचं काय झालं?

मुलगा पहाटे साडेतीनला काकांच्या दारात गेला. बॅटरी १२.५. सेल्फ मारताना १०.२. इंजिन झपाझप फिरत होतं. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही सुटले. मागून पांढरा धूर. हातपंप दाबून फरक नाही. टेस्ट लॅम्प प्लगला लावला, किल्ली ऑन केली. दिवा लागला नाही. रिले उघडून पाहिला, आतला पॉइंट जळालेला.

दुसऱ्या दिवशी रिले बदलला. पहाटे गाडी दुसऱ्या सेल्फला चालू झाली. काका खूश. पण मुलाच्या लक्षात आलं, की पहिले काही सेकंद इंजिन थरथरतंय आणि पांढरा धूर आहे. तेव्हा त्यानं सगळे प्लग मोजले. एक तुटलेला निघाला. हे मोजायला तो आदल्या दिवशीच बसायला हवा होता. एक दोष सापडला की आपण आनंदात तपासणी थांबवतो, ही चूक सगळ्यांची होते. प्लग बदलल्यावर तिसऱ्या पहाटे पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली.

मग आधीची बॅटरी खराब नव्हती का? होती. पण रोज दहा मिनिटं सेल्फ मारून मारून ती गेली होती, सेल्फसुद्धा त्याच माराने बसला होता. जे मिस्त्रींनी बदललं, ते खरंच बिघडलेलं होतं. फक्त ते आजाराचं कारण नव्हतं, आजाराचा परिणाम होता. म्हणूनच पार्ट खराब सापडला एवढ्यावर निदान पूर्ण होत नाही. तो का खराब झाला, हे विचारल्याशिवाय वही बंद करायची नाही.

आता धंद्याचा भाग

मुलानं मला पुन्हा फोन केला. "सर, रिले आणि एक प्लग. एवढ्या बारक्या कामाचे किती घेऊ? मी पार्टचेच पैसे सांगणार होतो."

मित्रांनो, इथेच नवा गॅरेजवाला बुडतो. तीन दिवस पहाटे उठून गेला, डोकं वापरलं, काकांचं इंजिन काम वाचवलं आणि पैसे मागायचे फक्त लोखंडाचे? मग पुढच्या वेळी त्याच्याही मनात येणारच, की त्यापेक्षा नोझल उतरवलेली परवडली.

माझा सल्ला असा :

तपासणीची फी वेगळी ठेवा आणि आधी सांगा. उदाहरणार्थ, थंड गाडीची पहाटे येऊन तपासणी ५०० रुपये. तुमच्या भागात जे झेपेल ते ठरवा, पण पाटीवर लिहा. काम तुमच्याकडेच केलं तरी ही फी माफ करू नका. माफ केली की तुमची कमाई पुन्हा पार्ट विकण्यावरच येते, आणि मग निदान वाकडं व्हायला वेळ लागत नाही.

कागद द्या. तारीख, वेळ, बॅटरीचा उभा आकडा, सेल्फ मारतानाचा आकडा, धुराचा रंग, हातपंपाचा फरक, प्रत्येक प्लगचा आकडा, काय बदललं, काय चांगलं सापडलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "बॅटरी चांगली आहे, बदलू नये" हे लिहून देणारा मिस्त्री माणूस विसरत नाही.

जुना पार्ट हातात द्या. जळालेला रिले काकांनी खिशात घालून बाजारात चार ड्रायव्हरना दाखवला. याला जाहिरात खर्च शून्य.

अवजारं थोडी, पण योग्य. चांगला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, पारदर्शक नळी, वही. एवढ्यावर पहिल्या पाच पायऱ्या होतात. स्कॅनर आणि कॉम्प्रेशन गेज कमाईतून घ्या. कर्ज लागलंच, तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. उद्यम नोंदणी मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

दिवाळीनंतर थंडीआधीची तपासणी सुरू करा. बॅटरी, अर्थिंग, हिटर प्लग, फिल्टरमधलं पाणी. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. भाजी, दूध, शाळेच्या गाड्या यांचे मालक हे पैसे आनंदानं देतात, कारण त्यांचा एक खाडा जास्त महाग असतो.

तुमचा गृहपाठ

गॅरेज असेल तर या आठवड्यात एका गाडीवर सातही पायऱ्या क्रमानं करा आणि कागद भरा. दोष पायरी दोनला सापडला तरी पुढच्या, ज्या खोलल्याशिवाय होतात, त्या करून बघा. गॅरेज नसेल, तुम्ही मोटार रिवाइंडिंग, पिठाची गिरणी, फ्रिज दुरुस्ती असं काही करत असाल, तर तुमच्या कामातल्या सगळ्यात जास्त येणाऱ्या एका तक्रारीसाठी असाच क्रम लिहा : फुकट काय बघता येतं, मीटरनं काय कळतं, आणि खोलायचं कधी.

आणि तो मुलगा? काकांकडून त्यानं तपासणीचे, पार्टचे आणि मजुरीचे पैसे वेगवेगळे लिहून घेतले. काकांनी घासाघीस केली नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून एक दुधाची गाडी पाठवली. तिची तक्रार तीच होती, सकाळी लवकर घेत नाही. मुलानं विचारलं, "रात्री किती वाजता उभी करता? मी पहाटे येतो." त्या गाडीचं फक्त अर्थिंग सैल निघालं.